‘बरा आहे’ या शेऱ्याची किंमत : पिक्सारचं नेमकं कुठे अडतंय

2023 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये डिस्नेच्या मालकीच्या पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने आपल्या ‘एलिओ’ या चित्रपटाचा एक चाचणी खेळ ठेवला होता. चित्रपट अजून अर्धाकच्चा होता, अशा खेळांच्या वेळी तो तसाच असतो. खेळ संपल्यावर लोकांनी आवडला म्हणून सांगितलं. मग त्यांना विचारलं, हा थिएटरात जाऊन, तिकीट काढून कोण बघेल? एकही हात वर झाला नाही. ‘द हॉलिवूड रिपोर्टर’ने ही हकिकत 2025 मध्ये छापली, तोवर चित्रपट प्रदर्शित होऊन पडलाही होता.

पिक्सारबद्दल गेल्या काही वर्षांत जे लिहिलं-बोललं जातं, त्यातलं बरंचसं ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ एवढ्यावर येऊन थांबतं. वाक्य चूक नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. त्या न उठलेल्या हातांतून मात्र खूप काही लागतं. बघणाऱ्याला चित्रपट आवडतो, दहापैकी आठ समीक्षक चांगलं म्हणतात, आणि तरी घरातून कोणी निघत नाही. चार माणसांच्या कुटुंबाला घराबाहेर काढायला ‘बरा आहे’ हा शेरा पुरत नाही, आणि 2022 पासून थिएटरात आलेल्या पिक्सारच्या नव्या गोष्टींच्या वाट्याला नेमका तोच शेरा येतो आहे.

आधी आकडे कसे वाचायचे ते बघू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. रॉटन टोमॅटोज या परीक्षणं जमवणाऱ्या संकेतस्थळावरचा टक्का म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. शंभर समीक्षकांपैकी किती जणांनी चित्रपटाच्या बाजूने कौल दिला, एवढंच तो सांगतो. शंभरही जणांनी पाचपैकी तीन तारे दिले तरी टक्का शंभरच दिसू शकतो. मेटाक्रिटिकची रीत वेगळी आहे. तिथे प्रत्येक परीक्षणाला गुण लावून त्यांची सरासरी काढतात, आणि काही समीक्षकांच्या मताला जास्त वजन असतं. 2015 चा ‘इनसाइड आउट’ रॉटन टोमॅटोजवर 98 टक्के आणि मेटाक्रिटिकवर 94. 2024 चा ‘इनसाइड आउट 2’ पहिल्या ठिकाणी 91 टक्के, दुसऱ्या ठिकाणी 73 च्या आसपास. एका मापात सातांचा फरक, दुसऱ्यात वीसच्या वर. म्हणजे ‘आवडला’ म्हणणारे जवळजवळ तेवढेच राहिले, भारावून जाणारे कमी झाले. ‘लाइटइयर’, ‘एलिमेंटल’ आणि ‘एलिओ’ हे तिन्ही मेटाक्रिटिकवर साठीच्या आगेमागे आहेत. हे नापास होणं नाही. पण ज्या स्टुडिओच्या पहिल्या 11 चित्रपटांपैकी 10 चित्रपटांना रॉटन टोमॅटोजवर नव्वदच्या वर टक्के आहेत, आणि उरलेला एक ‘कार्स’, त्याच्यासाठी साठ म्हणजे बरंच खाली येणं आहे.

तिसरं माप सिनेमास्कोरचं. पहिल्या रात्री थिएटरमधून बाहेर पडणाऱ्यांना एक छोटं कार्ड भरायला देतात आणि त्यावरून ‘ए प्लस’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी लावतात. पैसे मोजून पहिल्याच दिवशी आलेला माणूस मुळात उदार असतो, त्यामुळे मुलांच्या चित्रपटाला ‘ए’ मिळणं ही फार मोठी गोष्ट नाही. ‘अप’ आणि ‘कोको’ला ‘ए प्लस’ होती, ‘लाइटइयर’ला ‘ए मायनस’. ‘एलिमेंटल’ आणि ‘एलिओ’ दोघांनाही ‘ए’. या दोघांची श्रेणी सारखी, पण कमाई एकाची 49.6 कोटी डॉलर आणि दुसऱ्याची सुमारे 15.4 कोटी. आलेल्यांना काय वाटलं ते हे कार्ड सांगतं. जे आलेच नाहीत त्यांच्याबद्दल ते काही सांगू शकत नाही.

समीक्षकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पिक्सारचा चित्रपट आला की तो ‘वॉल-ई’ आणि ‘रॅटटूई’च्या शेजारी ठेवूनच बघितला जातो. दुसऱ्या एखाद्या स्टुडिओने ‘एलिमेंटल’ काढला असता तर ‘छान प्रयत्न’ म्हणून पाठ थोपटली गेली असती. हा दंडक पिक्सारवर कोणी बाहेरून लादलेला नाही, तो त्यांनीच घालून दिला. सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर सुरू झालं ते 2001 सालच्या चित्रपटांपासून. तिथून 2020 पर्यंतच्या 20 वर्षांत ते 11 वेळा पिक्सारला मिळालं, शेवटचं ‘सोल’ला. पुढची चार वर्षं, 2021 ते 2024, दर वर्षी त्यांच्या एका चित्रपटाला नामांकन होतं आणि एकदाही ते जिंकले नाहीत. 2024 सालचं ऑस्कर तर ‘फ्लो’ने नेलं. लॅटव्हियाच्या गिंट्स झिलबालोदिसने ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनवलेला हा संवाद नसलेला चित्रपट, आणि त्याच्यासमोर हरलेल्यांत जगभर जवळपास 170 कोटी डॉलर कमावणारा ‘इनसाइड आउट 2’ होता.

आता मुख्य गोष्ट : चित्रपट बनताना तो ‘बरा’ नेमका कधी होतो?

पिक्सारची पद्धत अशी की कॉम्प्युटरवर काही हलायच्या आधी अख्खा चित्रपट स्टोरीबोर्डवर काढायचा. ती चित्रं ओळीने लावून, स्टुडिओतल्याच लोकांचे कामचलाऊ आवाज आणि तात्पुरतं संगीत टाकून त्याची रीळ करायची. ती सगळ्यांना दाखवायची, फाडायची, पुन्हा काढायची. दर तीन-चार महिन्यांनी एक रीळ, आणि असे सहा-सात-आठ फेरे. प्रत्येक खेळानंतर ‘ब्रेनट्रस्ट’ बसतो, म्हणजे स्टुडिओतले अनुभवी दिग्दर्शक आणि लेखक. कुठे कंटाळा आला, कुठे पटलं नाही, हे ते तोंडावर सांगतात. सूचना पाळायचं बंधन मात्र दिग्दर्शकावर नसतं. रोग दाखवायचा, औषध दिग्दर्शकाने शोधायचं. सहसंस्थापक एड कॅटमुल तर उघडपणे सांगत आले की त्यांचा प्रत्येक चित्रपट सुरुवातीला वाईटच असतो. ‘अ बग्ज लाइफ’ला सुमारे 27 हजार स्टोरीबोर्ड लागले, ‘वॉल-ई’पर्यंत हा आकडा 98 हजारांवर गेला. बहुतेक चित्रं टाकून देण्यासाठीच काढलेली.

हा खटाटोप खर्चाच्या हिशेबाने अगदी शहाणपणाचा आहे. रिळेच्या टप्प्यावर आईच्या जागी मावशी आणली तर काही चित्रकारांचे काही आठवडे जातात. पात्राचं मॉडेल, त्याच्या आतला सांगाडा म्हणजे रिग, कपडे-केस, प्रकाशयोजना हे सगळं होऊन अ‍ॅनिमेशन सुरू झाल्यावर तोच बदल केला तर हिशेब पार बदलतो. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर दीड तासाच्या चित्रपटात 1,29,600 फ्रेम होतात. एक अ‍ॅनिमेटर आठवडाभर राबून चार-पाच सेकंदांचा अभिनय पुरा करतो. त्यानंतर रेंडरिंग, म्हणजे कॉम्प्युटरने प्रत्येक फ्रेमचं अंतिम चित्र तयार करणं. 2013 च्या ‘मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी’त एका फ्रेमला सरासरी 29 तास लागत होते. ‘एलिमेंटल’ची दोन्ही मुख्य पात्रं म्हणजे एक ज्वाला आणि एक पाणी. त्यांचं शरीरच मुळी सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरने गणित करून हलवलेलं, एकही फ्रेम सोपी नाही. पहिल्या ‘टॉय स्टोरी’ला 294 प्रोसेसर-कोअर पुरले होते, ‘एलिमेंटल’ला दीड लाखाच्या वर लागले. एक प्रसंग रद्द झाला की इतक्या कामावर बोळा फिरतो.

‘एलिओ’चं हेच झालं. मूळ दिग्दर्शक एड्रियन मोलिना, ‘कोको’चे सहदिग्दर्शक. त्यांच्या आवृत्तीत एलिओची आई होती आणि तिच्यासाठी अमेरिका फरेरा यांचा आवाज ठरला होता. चित्रपट आधी 1 मार्च 2024 ला यायचा होता. तो 2025 वर गेला, मोलिना बाहेर पडले, मॅडलिन शराफियन आणि डोमी शी आल्या. आईच्या जागी ओल्गा आत्या आली, आवाज झोई साल्डानाचा. एलिओचे आईवडील आता हयात नाहीत, हवाई दलातल्या या आत्याने त्याला सांभाळायचं आहे. कागदावर हा एका नात्याचा बदल. पण पोरका मुलगा परग्रहावर जायला आसुसतो आणि आई असलेला मुलगा आसुसतो, ही दोन वेगळी दुःखं आहेत. चित्रपटाचा पाया हलला की वरचा प्रत्येक प्रसंग नव्याने तपासावा लागतो. त्यातले काही तपासायचे राहून जातात, आणि पडद्यावर बघणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी दुसरंच असणार होतं. एलिओच्या स्वभावातल्या काही खास खुणाही दुरुस्त्यांच्या ओघात पुसल्या गेल्याचं ‘द हॉलिवूड रिपोर्टर’च्या त्याच वृत्तान्तात आलं होतं.

दिग्दर्शक बदलला की चित्रपट बिघडतोच, असा नियम मात्र करता येत नाही. ‘रॅटटूई’ यान पिंकावा यांच्याकडून ब्रॅड बर्डकडे गेला. ‘ब्रेव्ह’ ब्रेंडा चॅपमन यांच्याकडून मार्क अँड्र्यूजकडे गेला. दोघांनाही ऑस्कर मिळालं. खुद्द पहिला ‘टॉय स्टोरी’ 19 नोव्हेंबर 1993 ला डिस्नेसमोर इतका आपटला की काम थांबवावं लागलं, त्या दिवसाला स्टुडिओत ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणतात. त्या रिळेतला वुडी, म्हणजे मुख्य खेळणं, तिरसट आणि क्रूर होता. त्यांनी संहिता मुळापासून पुन्हा लिहिली. दुसऱ्या बाजूला ‘द गुड डायनोसॉर’ बघा. बॉब पीटरसन गेले, पीटर सोन आले, प्रदर्शन मे 2014 वरून नोव्हेंबर 2015 वर गेलं, मधल्या काळात 60 हून जास्त लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि तो पिक्सारचा तिकीटबारीवरचा पहिला तोट्याचा चित्रपट ठरला.

फरक मला असा दिसतो. ‘रॅटटूई’त नवा माणूस आला आणि त्याला सगळं उसवून नव्याने शिवायची मोकळीक होती, चित्रपट शेवटी त्याचा झाला. ‘एलिओ’त आणि डायनोसॉरच्या वेळी आक्षेप एकेक करून मिटवत नेले गेले. हे समजत नाही, ते काढा. हे खटकतं, ते गुळगुळीत करा. सगळे आक्षेप मिटले की उरतो तो कोणाचीच हरकत नसलेला चित्रपट. त्याला नावं ठेवायला जागा नसते, आणि शेजाऱ्याला फोन करून ‘जाऊन बघाच’ म्हणावं असंही त्यात काही नसतं.

याच्या उलट उदाहरण त्यांच्याच घरात आहे. डोमी शी यांचाच ‘टर्निंग रेड’ : 2002 सालचं टोरंटो, चिनी वंशाची तेरा वर्षांची मुलगी, बॉय बँडचं वेड, सॅनिटरी पॅड घेऊन दारात उभी आई. इतका नेमका चित्रपट दुसऱ्या कोणाला सुचलाच नसता. समीक्षकांचा कौल 95 टक्के. एन्रिको कासारोझा यांचा ‘लुका’ही तसाच, इटलीच्या किनाऱ्यावरच्या एका उन्हाळ्याचा. आणि नेमके हेच चित्रपट थिएटरात आले नाहीत.

हा सगळ्यात मोठा घाव. 6 मार्च 2020 ला ‘ऑनवर्ड’ लागला आणि दोन आठवड्यांच्या आत थिएटरं बंद पडली. ‘सोल’ डिसेंबर 2020 मध्ये डिस्ने प्लस या ओटीटीवर आला, ते समजण्यासारखं आहे. जून 2021 मध्ये ‘लुका’ही तिथेच. पण मार्च 2022 मध्ये थिएटरं चालू असताना ‘टर्निंग रेड’सुद्धा घरीच पाठवला गेला. ज्यांच्याकडे वर्गणी होती त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे न घेता. लागोपाठ तीन चित्रपट, सव्वा वर्षात. नव्या गोष्टीचा पिक्सारपट घरबसल्या मिळतो हे कुटुंबांनी पक्कं ध्यानात घेतलं. आपल्याकडे मराठी चित्रपटांच्या निर्मात्यांना ‘ओटीटीवर येईलच ना, तेव्हा बघू’ हे वाक्य पुरतं पाठ झालंय. पिक्सारने ते वाक्य स्वतःच्या हाताने प्रेक्षकाला शिकवलं. 2024 च्या सुरुवातीला हे तिन्ही चित्रपट अमेरिकेत थिएटरात लावून बघितले, पण तोवर सगळ्यांचे बघून झाले होते.

त्यानंतर थिएटरात आलेल्या दोन चित्रपटांची तुलना मात्र शांतपणे करण्यासारखी आहे. ‘लाइटइयर’ (जून 2022) अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत 5.06 कोटी डॉलरला उघडला. दुसऱ्या शनिवार-रविवारी 60 टक्क्यांहून जास्त कोसळला. अमेरिकेतली एकूण कमाई 11.8 कोटी, जगभरात 22.6. ‘एलिमेंटल’ (जून 2023) 2.96 कोटींना उघडला, तेव्हा सगळीकडे त्याचे मृत्युलेख छापून आले. पण दुसऱ्या आठवड्यातली घसरण 40 टक्क्यांच्या आतच राहिली. चित्रपट चालत राहिला आणि अमेरिकेत 15.4 कोटींवर थांबला, म्हणजे सलामीच्या पाचपटीहून जास्त. ‘लाइटइयर’ला अडीचपटही जमली नव्हती. निम्म्याच्या जरा वर सलामी मिळालेला चित्रपट शेवटी बराच पुढे गेला.

‘लाइटइयर’ची अडचण पहिल्याच पाटीत होती. 1995 मध्ये ‘टॉय स्टोरी’तल्या अँडी या मुलाला त्याच्या आवडत्या चित्रपटातलं खेळणं मिळालं, आणि हाच तो चित्रपट, असं ती पाटी सांगते. जी गोष्ट समजवायला पाटी लावावी लागते ती तिकीट काढणाऱ्याला रांगेत कळत नाही. त्यात ओळखीचा टिम अ‍ॅलनचा आवाज नाही, क्रिस एव्हान्सचा. ‘टॉय स्टोरी’तलं खेळणं असलेला बझ लाइटइयर गमतीदार होता, कारण आपण खेळणं आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. खऱ्या अंतराळवीराला ती गंमत कुठून येणार? मांजर सोडलं तर लोकांच्या लक्षात फारसं काही राहिलं नाही. दोन समलिंगी स्त्रियांच्या चुंबनामुळे आखातातल्या आणि काही आशियाई देशांत तो लागलाच नाही, हे खरं. पण अमेरिकेतली दुसऱ्या आठवड्याची घसरण त्यामुळे झालेली नाही.

‘एलिमेंटल’चं उलट. जाहिरातीत दिसलं ते आगीच्या मुलीचं आणि पाण्याच्या मुलाचं जमण्याचं प्रकरण, शहरातल्या गर्दीचे विनोद. चित्रपटात होती ती परक्या शहरात दुकान काढलेल्या आईबापांची आणि ते दुकान नको असलेल्या मुलीची गोष्ट. पीटर सोन यांचे आईवडील कोरियातून न्यूयॉर्कला आले, त्यांनी तिथे किराणा दुकान चालवलं. चित्रपटात ही आगीची मुलगी एम्बर वडिलांसमोर जमिनीपर्यंत वाकून नमस्कार करते, त्या एका हालचालीचं नातं कोरियन घराशी आहे. दक्षिण कोरियात चित्रपट हळूहळू चढत गेला आणि 70 लाखांहून जास्त तिकिटं खपली. माउथ पब्लिसिटी म्हणतात ती हीच. म्हणजे जे खासगी आणि नेमकं होतं त्यानेच चित्रपट तारला.

असं असताना 2024 मध्ये पिक्सारने दिशा ठरवली ती दिग्दर्शकांच्या वैयक्तिक गोष्टींकडून सगळ्यांना भावतील अशा व्यापक कल्पनांकडे जाण्याची. 2018 पासून सर्जनशील सूत्रं पीट डॉक्टर यांच्याकडे आहेत. ‘अप’ आणि ‘इनसाइड आउट’ देणाऱ्या माणसाच्या जाणकारीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. तरीही हा धडा चुकीच्या पानावरून घेतला असं मला ठामपणे वाटतं. ‘इनसाइड आउट’ची कल्पना डॉक्टर यांना स्वतःची मुलगी अबोल होत गेली त्यातून सुचली होती. वैयक्तिक आणि व्यापक ही एकाच विहिरीची दोन नावं आहेत.

पैशाचं गणित ढोबळ मांडतो. तिकीट विक्रीतला अमेरिकेतला साधारण अर्धा, परदेशातला चाळीस टक्क्यांच्या आसपास आणि चीनमधला पाव हिस्सा स्टुडिओला मिळतो. या हिशेबाने ‘एलिमेंटल’चे 21 कोटींच्या आसपास हाती आले असतील, आणि निर्मितीखर्च 20 कोटी. जाहिरातीचा खर्च वेगळा. म्हणजे थिएटरातून जेमतेम, नफा पुढे घरगुती बघण्यातून आणि ओटीटीवरून. ‘लाइटइयर’चे दहा कोटी हाती, खर्च तोच 20. ‘एलिओ’चे सात कोटीही नाहीत, खर्च 15 कोटींहून जास्त. आता ड्रीमवर्क्स या दुसऱ्या स्टुडिओचा ‘द वाइल्ड रोबो’ बघा : खर्च 7.8 कोटी, जगभरची कमाई 33 कोटींच्या वर. ‘एलिमेंटल’पेक्षा 16 कोटींनी कमी कमावूनही तो सुखात, आणि परीक्षणंही त्याचीच चांगली. तो तर ओबडधोबड ब्रशच्या फटकाऱ्यांसारखा दिसतो. प्रत्येक केस आणि प्रत्येक थेंब खरा दिसण्यासाठी पिक्सार जो पैसा ओतते, त्याचं आज बघणाऱ्याला पूर्वीसारखं अप्रूप राहिलेलं नाही. कॉमिकच्या पानांसारख्या दिसणाऱ्या ‘स्पायडर-व्हर्स’ चित्रपटांनंतर डोळ्यांची भूकच बदलली. ‘लुका’पासून ‘एलिओ’पर्यंतचे गोल चेहरे आणि शेंगेसारखी तोंडं सगळी एकाच साच्यातली वाटतात ही तक्रार होते. ती थोडी अन्यायाची आहे, पण निराधार नाही.

खर्चातला सर्वांत मोठा वाटा पगारांचा. पिक्सार जिथे आहे ते एमरीव्हिल हे सान फ्रान्सिस्कोजवळचं, महागड्या भागातलं गाव. इल्युमिनेशन या प्रतिस्पर्धी स्टुडिओचं काम पॅरिसमध्ये चालतं, त्यांचे चित्रपट साधारण 10 कोटींत होतात. व्हँकुव्हरची शाखा पिक्सारने 2013 मध्येच बंद केली. सगळे एका छताखाली असण्यात त्यांची खरी ताकद आहे, म्हणून तिथे हात लावणं सोपं नाही. मग कपात आली. 2023 मध्ये 75 जण, मे 2024 मध्ये 175, म्हणजे मनुष्यबळाच्या 14 टक्के. बरीचशी भरती ओटीटीच्या मालिकांसाठी केली होती आणि आता फक्त चित्रपटांवर लक्ष द्यायचं ठरलं होतं.

2023 च्या यादीत ‘लाइटइयर’चे दिग्दर्शक अँगस मॅकलेन होते आणि निर्मात्या गॅलिन ससमन होत्या. 1998 मध्ये एका चुकीच्या आज्ञेने ‘टॉय स्टोरी 2’च्या फायली सर्व्हरवरून भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप तपासला तर तोही नीट चालत नव्हता. ससमन यांचं बाळ तान्हं होतं, त्या घरून काम करत, म्हणून त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर चित्रपटाची प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटांत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून जपून स्टुडिओत आणला आणि चित्रपट वाचला. असं ज्ञान कोणत्याही फायलीत राहत नाही, माणसांबरोबर येतं आणि माणसांबरोबर जातं. ब्रेनट्रस्टचंही तसंच. ‘टॉय स्टोरी’चे दिग्दर्शक जॉन लॅसेटर आणि कॅटमुल 2018 च्या अखेरीस पायउतार झाले, ‘कोको’चे दिग्दर्शक ली अंकरिच 2019 मध्ये गेले. खोली तीच राहिली, पण समोरच्याला ‘हे जमलेलं नाही’ म्हणायला जो जुना विश्वास लागतो तो वर्षानुवर्षं एकत्र काम करून तयार होतो.

20 जून 2025 ला ‘एलिओ’ अमेरिकेत लागला आणि 2.08 कोटींना उघडला, पिक्सारच्या इतिहासातली सर्वांत कमी सलामी. शेजारच्या पडद्यांवर ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ आणि डिस्नेचाच ‘लिलो अँड स्टिच’ चालू होते, दोन्ही जुन्या अ‍ॅनिमेशनपटांचे नवे अवतार. मुलांना घेऊन महिन्यातून एकदा थिएटरात जाणाऱ्या घराचा महिना तिथेच संपला. आणि त्याच दिवशी नेटफ्लिक्सवर सोनीचा ‘केपॉप डीमन हंटर्स’ आला. तीही नवी कोरी गोष्ट, जाहिरात बेताचीच. काही आठवड्यांत तो नेटफ्लिक्सवरचा सर्वाधिक बघितलेला चित्रपट ठरला. नव्या गोष्टी लोकांना नको आहेत, असं म्हणायची सोय त्या उन्हाळ्याने ठेवली नाही. कोरियन पॉपचं जग त्याच्या बारकाव्यांसह जसंच्या तसं दाखवणारा चित्रपट लोकांनी पुन्हा पुन्हा बघितला.

पुढचं वेळापत्रक दोन पायांवर उभं केलेलं आहे. एका बाजूला जुनी ओळख : ‘टॉय स्टोरी 5’ला 19 जून 2026 ही तारीख, दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन, खेळण्यांसमोर या वेळी टॅबलेट. मग 2028 साठी पीटर सोन यांच्याकडे ‘इन्क्रेडिबल्स 3’ आणि 2029 साठी ‘कोको 2’, त्यात अंकरिच परतले आहेत आणि मोलिनाही. दुसऱ्या बाजूला नव्या गोष्टी : डॅनिअल चाँग यांचा ‘हॉपर्स’, ज्यात एक मुलगी बीव्हर या पाणथळ प्राण्यासारख्या रोबोच्या अंगात शिरते, त्याला 6 मार्च 2026 दिली. 2027 साठी व्हेनिसमधल्या काळ्या मांजराचा ‘गातो’ (Gatto, इटालियनमध्ये मांजर). चालू नावांच्या जिवावर नव्यांचा धोका पेलायचा, हा हिशेब वाईट नाही. पहिल्या दहा-पंधरा वर्षांत त्यांना तो करावा लागत नव्हता एवढंच. धोका असा की हुकमी चित्रपटावर उत्तम माणसं लागतात आणि नव्याच्या वाट्याला उरलेली येतात. म्हणून कोण कशावर काम करतंय, याकडे ट्रेलरपेक्षा जास्त लक्ष ठेवावं. नव्या चित्रपटाची घोषणा झाली तेव्हा ज्या दिग्दर्शकाचं नाव होतं, तेच शेवटच्या पोस्टरवर आहे का, हे आधी बघायचं. प्रदर्शनानंतर पहिल्या रविवारी कोणताच निष्कर्ष काढायचा नाही. दुसऱ्या आठवड्याची घसरण 40 टक्क्यांच्या आत राहिली तर लोक एकमेकांना सांगताहेत, 60 च्या वर गेली तर गप्प आहेत.

यातला ‘गातो’ माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा. तो रंगवलेल्या चित्रासारखा दिसावा असा प्रयत्न आहे, म्हणजे दिसण्यातला साचा मोडायचा आहे. शिवाय दिग्दर्शक कासारोझा, आणि जागा पुन्हा त्यांच्या इटलीतली. त्यांचा ‘लुका’ 2021 मध्ये अमेरिकेत ओटीटीवर सर्वाधिक बघितला गेलेला चित्रपट होता, प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीत एका वर्षात हजार कोटी मिनिटांहून जास्त. ती सगळी मिनिटं घरच्या सोफ्यावरची. तीच माणसं, ती मुलं आता सहा वर्षांनी मोठी झालेली, कासारोझांच्या दुसऱ्या चित्रपटासाठी पहिल्यांदा तिकीट काढणार आहेत की नाहीत, हे त्या वर्षी कळेल.